शेरभर पिठाचं वजन

आप्पारावांचं वजन नेमकं किती, हा प्रश्न राणीसावरगावात आजवर कुणाला पडला नव्हता. लग्न कुणाचंही असो, पंगतीत वाढायला आप्पा उभे. एका हातात बुंदीची बादली घ्यायची, दुसऱ्या हातानं नको म्हणणाऱ्याचा हात बाजूला सारायचा आणि पत्रावळीत ढीग घालायचा. निम्मं गाव कधी ना कधी आप्पांच्या आग्रहापायी पोट धरून घरी गेलेलं होतं. असा माणूस पंचाहत्तरीला आला तेव्हा मुलानं, गोपीचंदनं, त्यांची लाडूतुला करायचं मनावर घेतलं. तराजूच्या एका पारड्यात आप्पांनी बसायचं, दुसऱ्यात लाडू रचायचे, आप्पांचं पारडं उचललं की टाळ्या, आणि मग तेच लाडू गावजेवणात. तेव्हा कुठं आप्पांच्या वजनाचा विषय निघाला.

गोपीचंदचा हिशेब सरळ होता. गंगाखेडला बीपी दाखवायला नेलं तेव्हा डॉक्टरच्या काट्यावर आप्पा सत्तर किलो भरले होते. तिथल्याच एखाद्या हलवायाला सत्तर किलो बुंदीचे लाडू सांगायचे, गाडीत घालून आणायचे, विषय संपला.

"हलवाई माजा कोण लागतोय रं?" आप्पा म्हणाले. "मी ह्या गावात घराघरात वाढलंय. तुला करायची तर घरोघरचं शेर शेर पीठ येऊ द्या. न्हाईतर मला तोलू नका. हाय तसा बरा हाय मी."

"आन मंग सत्तर किलो लाडू वळायचे कुणी?" गोपीचंदनं विचारलं.

"मी वळते," स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला. गोपीचंदची बायको, पंकजा, पदराला हात पुसत उभी होती. "आप्पा, लाडवाचा सगळा जिम्मा माझा."

सगळ्यांनी वळून पाहिलं. तिच्या सासूनं, पार्वतीबाईंनी, मात्र मान वळवायची तसदी घेतली नाही. भुईमुगाच्या शेंगा फोडता फोडता त्या एवढंच म्हणाल्या, "हिला मापाचं काय कळतंय?"

हे पंकजाला झोंबलं. झोंबण्याजोगंच होतं. ती मानवतची. लग्न होऊन या घरात आली तेव्हा उंबऱ्यावर तांदळानं भरलेला पितळी शेर ठेवला होता. रीतीप्रमाणं उजव्या पायानं तो लवंडून, माप ओलांडून ती आत आली. तांदूळ सांडले, बायकांनी कौतुक केलं, आणि पार्वतीबाईंनी तो शेर उचलून जो कोठीच्या खोलीत नेऊन ठेवला, तो पुन्हा पंकजाच्या हाती काही लागला नाही. आता तिची लेक भक्ती परभणीला कॉलेजात शिकत होती. तरी रोज सकाळी पंकजानं परात घेऊन कोठीच्या दाराशी उभं राहायचं, पार्वतीबाईंनी कमरेची किल्ली काढायची आणि त्या शेरानं मोजून द्यायचं. चूल तिची, चव तिची, घाम तिचा आणि माप सासूचं. पंकजाला सोनंनाणं नको होतं. एकदा ती खोली आपल्या हातानं उघडावी, आपल्या हातानं शेर भरावा, एवढंच तिच्या मनात होतं, आणि ते तोंड उघडून मागायची तिची छाती होत नव्हती. आपल्या लाडवांनी पारडं उचललं तर सासूला बोलायला जागा उरणार नाही, या आशेनंच ती दारातून बोलून गेली होती.

पार्वतीबाईंचं मोजणं म्हणजे थाट होता. पहिल्या मापाला त्या एक म्हणत नसत, लाभ म्हणत. लाभ, दोन, तीन, असं पुढं. शेर भरला की वर आलेली शीग तळहातानं सपाट करायची, दाणा इकडं नाही की तिकडं नाही. "मापात पाप नगं," हे त्यांचं पालुपद. गल्लीत घरोघर शेर होते, पण सगळे यांच्या शेराशी ताडून घेतलेले. आणि तोलायचा काटा? तो शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे तिथल्या खोपटात. कापूस वेचणाऱ्या बायांची वेचणी तोलायला तिथं एक टांगायचा काटा ठेवलेला होता, आणि तो घराच्या उंबऱ्याच्या आत आणायचा नाही हा पार्वतीबाईंचा कायदा होता.

"माप सगळ्याला दिसतंय," त्या म्हणत. "काटा फकस्त काटेवाल्यालाच दिसतोय."

मानवतच्या बाजारात फार वर्षांमागं एका व्यापाऱ्यानं आप्पांचा कापूस तोलला होता, तेव्हापासूनचं हे मत. त्यात काहीच तथ्य नव्हतं असं म्हणवत नाही.

पंकजानं हिशेब मांडला. लाडवात निम्मं पीठ, उरलेल्यात गूळ, तूप आणि शेंगदाण्याचा कूट. म्हणजे पस्तीस किलो पीठ लागणार. गूळ आणि तूप दुकानातून येणार, तोलूनच येणार, त्याची काळजी नव्हती. राहिलं पीठ, आणि शेर म्हणजे किलो हे तर या घरात पाढ्यासारखं पाठ होतं. शेरभर गहू किलोभर, शेरभर ज्वारीही किलोभर. मग पस्तीस घरांतून पस्तीस शेर आले की झालं. इतका सोपा हिशेब, की पंकजाला स्वतःचंच कौतुक वाटलं. माणसाला हिशेब करून स्वतःचं फार कौतुक वाटायला लागलं की तो हिशेब पुन्हा एकदा करावा, पण हे सांगणार कोण?

तुलेला दोन दिवस राहिले तेव्हा दुपारी ओट्यावर मोठं पातेलं मांडलं. चैत्राचं ऊन रणरणत होतं, तरी बायका डोक्यावर पदर घेऊन येत होत्या. प्रत्येकीच्या हातात घरचा शेर, त्यात ताजं चाळलेलं गव्हाचं पीठ. पातेल्यात पालथा घातला की पीठ भुरभुरत पडायचं, पांढरा धुरळा उडायचा, आणि पार्वतीबाई खुर्चीवरून मोजायच्या. पहिल्या बाईला "लाभ" मिळाला तेव्हा ती अशी खूश झाली की बाकीच्या उगीच चरफडल्या.

सगळ्यात शेवटी केशरबाई आली. ती आणि तिचा नवरा दर साली ऊसतोडीला जायचे. कारखान्याचा हंगाम संपून दोन दिवसांपूर्वीच परतले होते. तिचा शेर तेलाचा डबा कापून केलेला, पत्र्याचा. तिनं तो पातेल्यावर पालथा घातला, तर काहीच पडेना. तिनं बुडावर थाप मारली. तरी नाही. दुसरी थाप जोरात बसली तेव्हा आतलं पीठ अख्खंच्या अख्खं धप्प करून खाली आलं आणि डब्याच्या आकारात तसंच उभं राहिलं.

पंकजाला हसू फुटलं. "केशरबाई, पीठ हाय का ईट?"

"ठोकून भरलंय बाई," केशरबाई म्हणाली. "आमच्या हाताला सवयच पडली. तोडीला जाताना ट्रॅक्टरात जागा किती आसती? लेकरं, भांडी, कोंबड्या, सगळं त्यातच. मंग पिठाचा डबा भरायचा, आपटायचा, परत भरायचा. पीठ लय दबतंय. दाबंल तितकं बसतंय."

बायका हसल्या. पंकजाही हसत होती, आणि हसता हसताच थांबली. पातेल्यात बाकीच्यांचं पीठ सैल पसरलं होतं, आणि त्यावर केशरबाईचा तो घट्ट गोळा. एवढाच शेर, आणि त्यात दाबलं तर इतकं जास्त बसतं? मग न दाबलेल्या शेरात नेमकं किती असतं? गहू किलोभर, हे खरं. पण तोच गहू दळला, चाळला, फुगला, की शेरात तेवढाच मावेल कसा?

तिनं हात झटकले, स्कूटी काढली आणि आखाड्यावर जाऊन काटा घेऊन आली. पदराखाली लपवून आणला नाही. उघड आणला आणि अंगणातल्या लिंबाच्या फांदीला टांगला.

"पंकजा," पार्वतीबाई खुर्चीतून उठल्या. "काय करायलीस?"

"उंबऱ्याच्या भाईर हाय, आत्याबाई."

कायद्यात ही पळवाट आहे हे पार्वतीबाईंच्या आजवर ध्यानात आलं नव्हतं. त्या तरातरा कोठीत गेल्या आणि आपला पितळी शेर काखेत घालून अंगणात आल्या. "आन तुजा काटा. बघू त्यो खरा का माजा शेर खरा. शेर तो शेर आसतोय. त्यात गहू घाल न्हाईतर माती घाल."

पहिल्यांदा गहू. पार्वतीबाईंनी स्वतः भरला, स्वतः सपाट केला, पिशवीत ओतला. पंकजानं पिशवी काट्याला अडकवली. आकडे भिरभिरले आणि एक किलोवर येऊन थांबले.

"बग!" पार्वतीबाईंचा चेहरा उजळला. "बराबर न्हवं?"

मग पातेल्यातलं सैल पीठ. तोच शेर, तोच तळहात, तशीच सपाट केलेली शीग. आकडे भिरभिरले आणि साडेसहाशे ग्रॅमवरच थांबले.

"काटा बिघडला," पार्वतीबाई म्हणाल्या.

पुन्हा गहू तोलला. किलो. पुन्हा पीठ. साडेसहाशे. गल्लीतल्या बायका आता घरी जायचं विसरून लिंबाभोवती गोळा झाल्या होत्या. पंकजानं केशरबाईच्या हातात पितळी शेर दिला आणि तिच्या पद्धतीनं भरायला सांगितलं. केशरबाईनं शेर भरला, अंगणातल्या फरशीवर आपटला, पीठ खाली बसलं. परत भरला, परत आपटला. काट्यानं नऊशेच्या वर आकडा दाखवला.

"मी पिठाचे शेर मोजले आन गव्हाचं वजन धरलं," पंकजा आपल्याशीच बोलल्यासारखी म्हणाली. एकटं केशरबाईचं सोडलं तर प्रत्येक शेरात पाव किलोहून जास्त खोट होती. पस्तीस शेरांची मिळून बारा किलोंची. आप्पा तराजूत बसले असते, सगळे लाडू संपले असते, आणि आप्पांचं पारडं जमिनीला चिकटून राहिलं असतं. सगळ्या गावासमोर.

पार्वतीबाईंचं मात्र तिच्याकडं लक्षच नव्हतं. त्या केशरबाईकडं बघत होत्या.

"केशर, तोडीवरून आल्यावर तू माज्याकडून उसनं पीठ नेतीस."

"नेते की काकू, दर साली. आल्या आल्या घरात काय आसतंय?"

"आन परत आणून देतीस तवा? आसंच ठोकून देतीस?"

केशरबाई लाजल्यासारखी हसली. "सवय हाय हो काकू. सैल भरायला हातच वळत न्हाई."

शेर पदरानं पुसत पार्वतीबाई आत निघून गेल्या. जन्मभर ज्या बाईनं मापात पाप नको म्हटलं, तिनं देताना साडेसहाशे दिलं आणि घेताना नऊशे घेतलं होतं, तेही गल्लीतल्या सगळ्यात लहान घराकडून. मुद्दाम नव्हतं, ठाऊक नव्हतं, हे सगळं खरं. पण लाज वाटायची ती वाटलीच, आणि ती त्यांच्या पाठीवरूनसुद्धा कळत होती.

पंकजाच्या पुढ्यात दुसरंच संकट होतं. बारा किलो आणायचे कुठून? पुन्हा दारोदार जायचं म्हणजे आपली चूक आपणच गावभर वाटल्यासारखं. ती परात घेऊन कोठीच्या दाराशी गेली. आता सासू काय काय ऐकवेल याची मनातल्या मनात उजळणी करूनच गेली.

"आत्याबाई, चुकलं माझं. बारा किलो कमी पडायलंय."

पार्वतीबाई धान्याच्या कोठीला टेकून बसल्या होत्या. "किलो मला कळत न्हाई. शेर सांग."

पंकजानं क्षणभर विचार केला. "आठ शेर द्या. पिठाचे न्हाई, गव्हाचे. दळायच्या आधी मोजून. म्हंजी दळल्यावर कितीबी फुगलं तरी वजन तेवढंच राहील. बाकी चार किलोचा गूळ आणते दुकानातून."

पार्वतीबाईंनी मान वर करून सुनेकडं पाहिलं. मग उठल्या, शेर घेतला आणि मोजायला लागल्या. "लाभ. दोन. तीन." पंकजा टोमण्याची वाट बघत उभी होती. टोमणा आलाच नाही. आठव्या शेराला पार्वतीबाईंचा तळहात शिगेवर येऊन थांबला, आणि शीग तशीच परातीत गेली. घाईत राहिलं असेल, असं पंकजाला वाटलं.

दुसऱ्या दिवशी दिवसभर घरात भाजलेल्या पिठाचा वास कोंदला होता. गल्लीतल्या बायकांनी लाडू वळले, वळता वळता अख्ख्या गावाची उणीदुणी काढली, आणि पंकजानं पाटी पाटी लिंबाखाली तोलून घेतली. शेवटची पाटी उतरली तेव्हा सत्तर किलो भरून वर मूठभर लाडू उरले होते. ते तिनं बाजूला न काढता पाटीतच टाकले. त्या संध्याकाळी ती फार दिवसांनी गुणगुणत होती.

तुलेच्या दिवशी मारुतीच्या देवळापुढं मांडव पडला. गोपीचंदच्या मित्रानं, बालाजीनं, मानवतच्या आडतीवरचा जुना तराजू टेम्पोत घालून आणला होता. पूर्वी त्यावर धान्याची पोती तोलत, आता तो नुसताच कोपऱ्यात पडून असायचा. त्याची पारडी घासूनपुसून झेंडूनं सजवली होती. पारड्यांपुढं पाटावर मान म्हणून गव्हानं भरलेला तो पितळी शेर ठेवला होता. विधी सांगायला भजनी मंडळाचे माणिकराव होते. गावातल्या कुठल्याही कार्याचा विधी त्यांना पाठ असायचा, आणि पाठ नसला तर ते जागेवर तयार करायचे.

आप्पा पांढरंशुभ्र धोतर नेसून आले. पंकजा लाडवांच्या पाट्यांशेजारी उभी होती. सत्तरला सत्तर, तिनं मनात घोकलं. आणि तेवढ्यात माणिकराव म्हणाले, "तुलेच्या आधी सत्कार."

हे पंकजाच्या हिशेबात नव्हतं.

सरपंचांनी शाल घातली. पंकजा मनात म्हणाली, शाल म्हणजे फार तर पाव किलो. सोसायटीच्या चेअरमननं दुसरी शाल घातली आणि नारळ दिला. अर्धा किलो. मग तिसरी शाल, दुसरा नारळ, आणि मानवतच्या पाहुण्यांनी आणलेला गुलाबाचा हार, आप्पांच्या गुडघ्यापर्यंत लोळणारा, चांगला ओला. एका बाईनं पिशवीतून आणखी एक शाल काढली तेव्हा पंकजाला ती ओळखीची असूनही वैरीण वाटली. आप्पा सगळं अंगावर लेवून, दोन्ही नारळ मांडीवर घेऊन, प्रसन्न चेहऱ्यानं पारड्यात बसले. पारडं सतरंजीला टेकलं.

पार्वतीबाईंनी पहिला लाडू दुसऱ्या पारड्यात ठेवला आणि "लाभ" म्हणाल्या. मग पाट्या रिकाम्या व्हायला लागल्या. लाडवांचा ढीग वाढत गेला, तराजूची दांडी कुरकुरली, आप्पा जरा हलले. लोक पुढं सरकले. शेवटची पाटी पडली. दांडी जवळजवळ सपाट झाली, थरथरली आणि थांबली. आप्पांच्या पारड्याची कड अजून सतरंजीलाच टेकलेली होती.

सगळे रिकाम्या पाट्यांकडं बघायला लागले.

"आप्पा, शाली काढून ठिवा की," गोपीचंद हळूच म्हणाला.

"मान दिलेली शाल उतरवू?" आप्पा म्हणाले. "आन नारळ खाली ठिवू? तू तुजा मोबाईल खाली ठिवतोस का कदी?"

लोक हसले. मग ज्याला त्याला सल्ले सुचायला लागले. माणिकरावांनी गंभीरपणे देवळातलं तुळशीचं पान आणून लाडवांवर ठेवलं, कारण देवाची तुला एका पानानं झाली होती. पान ठेवून झालं, वाट बघून झाली. आप्पा देव नसल्याचं सिद्ध झालं. मागून कुणीतरी म्हणालं, एखादा धोंडा टाका.

"पारड्यात पडलं ते दान झालं," माणिकराव कडाडले. "परत उचलायचं न्हाई. पंगतीत धोंडा वाढायचा काय?"

लाडवांवर ठेवायला मोबाईल काढलेल्या गोपीचंदनं तो गुपचूप खिशात घातला. पंकजाचे डोळे भरून आले. सगळं बरोबर मोजलं होतं, तोललं होतं, आणि तरी शेवटी मांडवात उभं राहून हेच ऐकावं लागणार होतं की हिला मापाचं काय कळतंय. तिनं खाली मान घातली.

म्हणून पार्वतीबाई उठल्या हे तिला दिसलं नाही. लोक बाजूला झाले तेव्हा तिनं वर पाहिलं. सासू पाटावरून तो गव्हानं भरलेला पितळी शेर दोन्ही हातांनी उचलत होती.

"काकू," माणिकराव गडबडले, "पारड्यात पडला तर परत मिळायचा न्हाई बरं का."

"म्हाईत हाय मला," पार्वतीबाई म्हणाल्या, आणि शेर लाडवांच्या ढिगावर ठेवून दिला.

दांडी कलली. आप्पा सतरंजीवरून सावकाश वर उचलले गेले, हार, शाली, नारळांसकट. टाळ्यांचा असा कडकडाट झाला की देवळावरचे पारवे उडाले. आप्पा हवेत पाय हलवत लहान पोरासारखे हसत होते.

"आन मंग ह्यो शेर कुणाला देयाचा?" माणिकरावांनी विचारलं. "लाडू तर पंगतीत जातील."

"जिनं लाडू केले तिला," पार्वतीबाई म्हणाल्या. कमरेची किल्ली सोडवून त्यांनी गव्हात खोचली. "पंकजा, घे. माजा हात सैल निघाला."

पंकजानं शेर उचलला आणि पोटाशी धरला. तो तिला वाटला होता त्याहून जड होता. सासूच्या पाया पडायला वाकली, तर गहू सांडले, आणि तिला आपलं माप ओलांडणं आठवलं. पार्वतीबाईंनी तिला उठवलं आणि दोघीही पदरानं डोळे पुसत पंगतीच्या कामाला लागल्या. त्या दिवशी पंगतीत आप्पा स्वतःच्या वजनाचे लाडू स्वतःच्या हातानं वाढत फिरले. नको म्हणणाऱ्याची धडगत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी केशरबाई भांडं घेऊन दारात आली. तोडीवरून आल्यावर दर साली यायची तशीच. "काकू, शेरभर पीठ पायजे हुतं उसनं."

पार्वतीबाईंचा हात सवयीनं कमरेला गेला. तिथं काही नव्हतं. त्या हसल्या आणि बाजूला झाल्या.

पंकजानं कोठीची खोली उघडली. पिठाच्या डब्यात शेर घातला, भरला, फरशीवर आपटला. पीठ खाली बसलं. परत भरला, परत आपटला, वर बोटभर शीग ठेवली आणि केशरबाईच्या भांड्यावर धरला.

"लाभ," ती म्हणणार, तेवढ्यात मागून पार्वतीबाईंचा आवाज आला.

"थांब पंकजा. आजून एकदा ठोक."